चौऱ्याहत्तर नंबरच्या आया

थॉर्नबरी कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा कोच रेडमन सोबोटकांच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा त्याने भाजलेलं डुकराचं मांस तीनदा वाढून घेतलं, आंबट कोबी पुन्हा मागितली, आणि डार्लीनच्या स्वयंपाकघरात असा ऐसपैस बसला, जणू याच घरात लहानाचा मोठा झाला होता. डार्लीनला तो तिथेच आवडला. जेवताना त्याने फोन एकदाही खिशातून काढला नाही. तिच्या मुलाकडे, कोल्बीकडे मात्र तो सारखा बघत होता. शेतकरी बाजारात गोऱ्ह्याकडे बघतो तसं.

"असा मुलगा शोधत मी गावोगाव हिंडतो, बाई," तो म्हणाला. "अंगाने हा एवढा आडवातिडवा, आणि उलटून बोलायचं माहीत नाही. असा मला पुढच्या रांगेत हवा."

डार्लीनचा नवरा मायलो धान्याच्या कोठारावर कामाला होता. बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने काटा खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे खेळेल का तो?"

"खेळेल का? अहो, मग मी इतक्या लांब आलो कशाला?" कोच मोठ्याने हसला. सगळेच हसले. हे काही उत्तर नव्हतं, पण त्या दिवशी ते कोणाच्या लक्षात आलं नाही. जाताना डार्लीनने त्याला जर्दाळूचे कोलाचे, घरी भाजलेले गोड पाव, बांधून दिले.

कोल्बीने त्याआधी विजेच्या तारा ओढण्याच्या शिक्षणासाठी अर्ज भरून ठेवला होता. वर्षाचा अभ्यास, पुढे खांबावर चढायचं काम, चांगला पगार. शिक्षक त्याला ओळखत होते आणि जागाही ठरल्यासारखी होती. ते सगळं त्याने सोडून दिलं. हायस्कूलच्या जिमच्या मोठ्या हॉलमध्ये कोचने टेबलावर थॉर्नबरी कॉलेजची टोपी मांडली, केक आणला, आणि सगळ्या वर्गासमोर कोल्बीने कागदावर सही केली. गावच्या पेपरात फोटो आला. डार्लीन शाळेची बस चालवायची. दुसऱ्या दिवशी तिच्या बसमधल्या पोरांनी पाय आपटून आपटून अख्खी बस हलवली.

त्या सहीच्या कागदाने कॉलेजवर कसलंच बंधन येत नव्हतं, हे पुढे कळलं. थॉर्नबरीसारख्या लहान कॉलेजांना खेळासाठी म्हणून कोणाला एक डॉलरही देता येत नाही. तसा नियमच आहे. फीमध्ये थोडी सूट मिळाली, तिला नाव दिलं होतं गुणवत्तेचं. तशी सूट तिथे जवळजवळ प्रत्येकालाच मिळते, जशी गालिच्याच्या दुकानात बारा महिने मिळते. उरलेल्या रकमेतलं थोडं कर्ज कोल्बीच्या नावावर निघालं, बरंचसं डार्लीनच्या. मायलोने मासेमारीची होडी विकली. विकून आल्यावर म्हणाला, "तशीही तिच्यात बसायला वेळ कुठे होता."

पहिलं वर्ष फोनवर गेलं. शनिवारी शाळेच्या संघांना घेऊन डार्लीनची बस बाहेर असायची, आणि त्याच दिवसांत मायलोच्या कोठारावर मक्याच्या ट्रकांची रांग लागायची. जाणं काही जमलं नाही. रात्री ती विचारायची, "खेळलास का रे?"

"थोडा वेळ."

"मी कॉम्प्युटरवर बघत होते. मैदानाच्या कडेला एवढी पोरं उभी असतात, की तू काही दिसला नाहीस."

"मी पलीकडच्या टोकाला असतो, आई."

ती हे बसमधल्या पोरांना सांगायची. चर्चमध्ये सांगायची. कोल्बी पलीकडच्या टोकाला असतो.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात पालकांचा शनिवार आला, तेव्हा तिने हट्टाने रजा काढली. मायलोनेही काढली. पहाटे अंधारात निघून, गाडीच्या मागच्या सीटवर कोलाच्यांचे दोन ट्रे ठेवून, ते न्याहारीच्या वेळेला थॉर्नबरीला पोहोचले. त्या दिवशी कॉलेजच्या जिममध्ये पालकांना पॅनकेक खाऊ घालायची जुनी रीत होती. सगळे कोच ॲप्रन बांधून मोठ्या तव्यांमागे उभे राहायचे आणि आईबापांच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढायचे. कॉलेजचे अध्यक्ष टेबलाच्या शेवटी संत्र्याचा रस ओतायचे. कोणालाही वाटावं, किती साधी माणसं.

दारातच एक टेबल होतं. तिथे मुलांच्या फोटोंचे बिल्ले मिळत होते. बशीएवढे मोठे, मागे पिन. असा बिल्ला छातीवर लावून सामना बघायची इकडच्या आयांची पद्धत. डार्लीनने दोन आधीच मागवून ठेवले होते, एकेक पंधरा डॉलरला. फोटोत कोल्बी हाताची घडी घालून, कपाळाला आठ्या पाडून उभा होता. अंगात कॉलेजची हिरवी जर्सी, तिच्यावर चौऱ्याहत्तर नंबर. डार्लीनने बिल्ला कोटावर लावला आणि दुसरा मायलोच्या छातीवर लावताना म्हणाली, "ताठ उभा राहा जरा. आज तू कोणाचा तरी बाप आहेस."

"इतर दिवशी कोण असतो?" मायलो म्हणाला.

दोघं कागदी ताटल्या घेऊन रांगेत उभे राहिले. पुढे एक उंच, काळी, भरदार बाई होती, डोक्यावर चर्चला घालतात तशी जांभळी टोपी. ती मागे वळली, डार्लीनच्या छातीकडे बघितलं आणि हसायलाच लागली.

"अगं बाई! तुझाही चौऱ्याहत्तर?"

तिच्या कोटावरही बिल्ला होता. त्यातही हाताची घडी, आठ्या, हिरवी जर्सी, चौऱ्याहत्तर. फक्त मुलगा दुसरा.

"छापणाऱ्याची चूक दिसतेय," डार्लीन म्हणाली.

"नाही गं. एका नंबरची दोन पोरं असतात कधी कधी. एक हल्ला करणाऱ्यांत, एक अडवणाऱ्यांत. मी व्हर्ना. व्हर्ना फाँटेनो. लुइझियानाहून आलेय, दोन दिवस गाडीत बसून. माझा थेरन शेवटच्या वर्षाला आहे. तुझा?"

"दुसऱ्या. मी डार्लीन, आणि हा मायलो. तुमचा अडवणाऱ्यांत आहे का?"

"माझा पुढच्या रांगेत. हल्ला करणाऱ्यांत."

"माझाही पुढच्या रांगेत," डार्लीन म्हणाली. "हल्ला करणाऱ्यांतच."

"मग एकच नंबर कसा?" व्हर्ना म्हणाली. तेवढ्यात रांगेत त्यांच्या मागून एक बारीकशी बाई पुढे वाकली. "माफ करा हं," ती म्हणाली, आणि स्वतःचा स्कार्फ बाजूला केला. चौऱ्याहत्तर. तिच्यामागचा एक चष्मेवाला बाप पुढे झाला, म्हणाला, "हे काय चाललंय?" त्याच्या बायकोच्या छातीवरही तोच नंबर. आणखी एक निघाली रसाच्या टेबलापाशी. पाच मुलं, पाच आया आणि एक नंबर.

आधी सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, लॉटरीचं तिकीट काढा याच नंबराचं. मग हसणं हळूहळू ओसरलं, आणि जो तो आपापल्या बिल्ल्यातली जर्सी दुसऱ्याच्या बिल्ल्यातल्या जर्सीशी ताडून बघायला लागला. डाव्या खांद्यावर शिवण थोडी उसवलेली होती. पाचही फोटोंत.

कोल्बी त्याच वेळी जिममध्ये शिरला. अंगात जीन्स आणि कॉलेजचा जाडा स्वेटशर्ट. आईला बघून त्याचं तोंड फुललं, आणि तिच्याभोवतीच्या आया बघून लगेच पडलं.

"कोल्बी," डार्लीनने त्याचा गालगुच्चा घेतला नाही, मिठीही मारली नाही. "ही जर्सी कोणाची?"

"आई, हळू बोल."

"मी हळूच बोलतेय. कोणाची?"

"थेरनची." त्याने व्हर्नाकडे बघून मान लववली. "फोटोच्या दिवशी जाड्या पोरांना बसेल अशी एकच होती. सगळ्यांनी तीच घातली. एकाने काढायची, दुसऱ्याने चढवायची. घामाने नुसती ओली झाली होती." तो हसायला गेला, पण जमलं नाही.

"आणि तुझी स्वतःची?"

"मला अजून नाही मिळाली. एकशे ऐंशी जण आहोत आम्ही. घरच्या सामन्याला नव्वद जणांना ड्रेस मिळतो. बाकीचे असे." त्याने स्वेटशर्ट ओढून दाखवला. "बाहेरगावी तर बसमध्ये बसतील तेवढेच जातात."

"मग तू कधी खेळलास?"



"सरावात खेळतो ना तो," व्हर्ना मध्येच म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "सगळे खेळतात सरावात. माझा थेरन चार वर्षांत दोनदा मैदानात गेलाय, अगं. दोन्ही वेळा आपण गुणांनी इतके पुढे होतो की मीसुद्धा खेळले असते." तिने टोपी सरळ केली. "आणि त्याला जर्सी तरी आहे."

"पहाटे पाचला उठतो मी," कोल्बी घाईघाईने सांगायला लागला. "वजनं उचलतो. कोच म्हणतो, अशीच मेहनत केली तर पुढच्या वर्षी संधी आहे. मी नुसता बसून नाहीये, आई."

 तो खोटं बोलला, जर्सी नव्हती, हे सगळं डार्लीनने गिळलं असतं. पण पोराचा अजून विश्वास होता. पहाटे पाचला उठून तो त्या विश्वासासाठी लोखंड उचलत होता, आणि त्याच विश्वासावर दर वर्षी उन्हाळ्यात तिच्या सहीचं नवं कर्ज निघत होतं.

रांग पुढे सरकत होती. तव्यामागे ॲप्रन बांधून, कपाळावर घाम, कोच रेडमन. हातात उलथणं.

"सोबोटका!" तो ओरडला. "अहो, तुमचे ते जर्दाळूचे... काय म्हणायचं त्यांना? अजून चव आहे जिभेवर. किती वाढू? तीन?"

"कोच, कोल्बी खेळणार का?" डार्लीनने ताटली पुढे केली नाही.

"काय मुलगा आहे तुमचा! सरावाला सगळ्यांच्या आधी..."

"ते मला माहीत आहे, मी वाढवलाय त्याला. खेळणार का? यंदा नाही, ते कळलं. पुढच्या वर्षी? त्याच्या पुढच्या?"

"बाई, अशा गोष्टी तव्यापाशी..."

"तुम्ही माझ्या टेबलापाशी बोललात, मी तुमच्या तव्यापाशी बोलते. हो की नाही?"

मागच्या रांगेतल्यांनी माना पुढे काढल्या. कोचने आजूबाजूला बघितलं आणि उलथण्याने पॅनकेकची कड उगाच दाबली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, मलाही तीन पोरं आहेत. दर वर्षी साठ नवी पोरं आणली नाहीत, तर मला घरी बसवतील. ती कुठे उभी करायची ते कोणी विचारत नाही. कुस्तीवाल्यालाही आकडा आहे, सॉफ्टबॉलवालीलाही आहे. माझा एकट्याचा नाही."

"मग माझा पोरगा त्या साठांतला एक?"

"चांगला मुलगा आहे तो."

"तेही मला माहीत आहे."

एवढ्यात अध्यक्ष रसाचा जग हातात घेऊन आले. गळ्यात हिरवा टाय, टायवर कॉलेजचं चिन्ह. "काही अडचण आहे का इथे?" त्यांनी गोड आवाजात विचारलं. उत्तराची वाट न बघता ते स्वतःच बोलायला लागले. त्यांना बोलायची सवय होती. "बघा, मी तुमच्याशी मोकळेपणाने बोलतो. आसपासची दोन कॉलेजं गेल्या काही वर्षांत बंद पडली. आपण उभे आहोत, का? तर या मुलांमुळे. नऊशेपैकी निम्मी मुलं खेळाडू आहेत. त्यांची फी येते म्हणून रसायनशास्त्राची प्रयोगशाळा चालते, गाण्याचा वर्ग चालतो, हा तवा पेटतो. तुमचा मुलगा या कॉलेजचा आधार आहे. याचा तुम्हाला अभिमान वाटायला हवा."

"मग तसं सांगायचं होतं," डार्लीन म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आणि आता तिने तो खाली आणला नाही. "माझ्या घरी येऊन सांगायचं होतं, बाई, आमची प्रयोगशाळा चालत नाही, तुमचा मुलगा द्या. मी विचार केला असता. कदाचित थोडे पैसेही दिले असते, चर्चला देते तसे. पण तुम्ही टोपी ठेवलीत टेबलावर. केक आणलात. पोराला वाटलं तुम्हाला त्याचे हातपाय हवेत. तुम्हाला माझी सही हवी होती."

"खेळातून चारित्र्य घडतं, मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "मैदानात उतरलं नाही तरीही."

"ते आमच्याकडे घरीच घडवून पाठवलं होतं," मायलो म्हणाला.

रांगेत कोणीतरी फसकन हसलं. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. जग घेऊन ते रसाच्या टेबलाकडे परत गेले आणि जे कोणी मागत नव्हते त्यांच्याही पेल्यात रस ओतायला लागले.

तव्यावरचा पॅनकेक काळा पडत चालला होता. कोल्बी आईच्या मागे उभा होता, स्वेटशर्टच्या बाह्यांत हात ओढून घेतलेले. कोचने त्याच्याकडे बघितलं. त्या मुलाच्या तोंडावर अजूनही, इतकं सगळं ऐकूनही, काहीतरी मागत असल्यासारखा भाव होता. कोचला तो सहन झाला नसावा. त्याने उलथणं खाली ठेवलं.

"नाही," तो म्हणाला. "नाही खेळणार, कोल्बी. पाय मंद आहेत तुझे. मी तुझ्या शाळेतल्या खेळाचा व्हिडिओ बघितला तेव्हाच कळलं होतं मला."

कोल्बीने मान हलवली, जणू कोचने वाट कुठली ते सांगितलं होतं. मग वळला आणि बाजूच्या दाराने बाहेर गेला.

डार्लीन त्याच्यामागे धावली. जिमच्या मागच्या पायऱ्यांवर तो बसला होता, पाठ भिंतीला टेकून. मैदानावर पांढरे पट्टे मारायचं यंत्र फिरत होतं आणि वाजंत्री पथकातला कोणीतरी एकच सूर पुन्हा पुन्हा काढत होता.

"कशाला विचारलंस?" तो म्हणाला. 

"तू विचारलं नसतंस म्हणून."

"नव्हतंच विचारायचं मला! मला काय कळत नव्हतं? पहिल्या महिन्यातच कळलं होतं." त्याने पायाखालचा खडा लाथाडला. "पण कोणी बोललं नव्हतं ना. कोणी बोलत नाही तोवर चालतं ते. आता कसा जाऊ मी सोमवारी सरावाला? सांग ना. पहाटे उठून काय म्हणू स्वतःला?"

 डार्लीनला वाटलं होतं, खरं कळलं की पोराच्या मानेवरचं ओझं उतरेल. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, पण तिच्याकडे बघितलंही नाही.

"मला फोनवर का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"तू बसमधल्या पोरांना सांगायचीस. तूच म्हणालीस मला, चर्चमध्येही सांगितलं म्हणून." तो म्हणाला. "बाबाने होडी विकली."

मायलो दारात उभा होता. होडीचं नाव ऐकून तो खाली आला आणि गुडघे धरत धरत लेकाच्या दुसऱ्या बाजूला बसला. "गळत होती ती," तो म्हणाला.

 कोल्बी म्हणाला, "पुढच्या वर्षीच्या कर्जावर सही करू नकोस, आई."

"नाही करत."

"आणि आत्ता काही समजावू नकोस मला. मला राग आलाय तुझा."

"येऊ दे."

जिमचं दार मायलोने उघडंच टाकलं होतं. आतून व्हर्नाचा आवाज आला, चर्चमध्ये मागच्या बाकापर्यंत पोहोचेल असा. "माझ्या थेरनचा हा शेवटचा मोसम, कोच. त्याला आज आत पाठवणार की नाही, एवढंच सांगा. गुणांनी पुढे गेल्यावर नाही, आधी." कोच काय बोलला ते ऐकू आलं नाही. मग त्या बारीक बाईचा आवाज. "आणि आमचा डेल्बर्ट?"  मग कोचचा आवाज, थकलेला, पण आता स्पष्ट. "नाही, मॅडम." मग चष्मेवाल्या बापाचा प्रश्न, आणि पुन्हा तेच उत्तर. रांग सरकत होती. ताटल्यांचा आवाज येत नव्हता. ज्यांच्या छातीवर चौऱ्याहत्तर नव्हता तेही आता विचारत होते, चाळीसवाले, बाराचे, नंबरच नसलेले.

मायलो दार लावायला उठला.

"राहू दे, बाबा," कोल्बी म्हणाला.

तो कान देऊन ऐकत होता. एकेक नाव आलं की त्याचे ओठ हलत होते, कारण ती सगळी त्याच्या मजल्यावर राहणारी, त्याच्याबरोबर पहाटे उठणारी पोरं होती. एका बाईने विचारलं, "आणि ओमार?" उत्तर तेच आलं.

"ओमारसुद्धा?" कोल्बी म्हणाला. "अरे, मला वाटायचं ओमार तरी नक्की खेळेल."

तो उठला, स्वेटशर्टने तोंड पुसलं आणि आत गेला, ओमारला शोधायला.